हायड्रोजन ट्रकवर सबसिडी खरंच मिळते का? घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) बदलायचाय, सल्ला द्या

कळंबोलीचा_बाळू | रात्री १०:४२

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे चार ट्रेलर आहेत, न्हावा शेवा ते चाकण-रांजणगाव कंटेनरची लाइन, वडिलांच्या काळापासून कळंबोलीलाच बस्तान. त्यातला एक घोडा २०११ चा आहे तो आता बोरघाट चढताना अक्षरशः रडतो, त्यामुळे बदलायचाय हे नक्की. परवा आमच्या काकांना व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ आली, वर अशोकस्तंभ, खाली हिरव्यागार ट्रकचा फोटो आणि मजकूर असा की हायड्रोजन ट्रक घ्या, निम्मी किंमत केंद्र सरकार देणार, नोंदणी फी गाडीमागे फक्त ५१०० रुपये, शेवटची तारीख रविवार. काका म्हणतात अरे गडकरी साहेब स्वतः हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले होते, टीव्हीवर दाखवलं होतं, मग स्कीम असणारच. आता ते गेले होते हे मलाही आठवतंय पण तेवढ्यावरून ५१०० रुपये द्यायचे म्हणजे जरा जड जातंय.

तर प्रश्न एवढाच की चार गाड्यांच्या मालकाला हायड्रोजनवर सरकारकडून नेमकं काय मिळतं, आणि मिळत असेल तर परवडतं का. मोठमोठ्या गोष्टी नकोत, मला किलोमीटरला किती पडतं ते सांगा.

लवंगी_मिरची | रात्री १०:५१

अशोकस्तंभ, शेवटची तारीख रविवार आणि फी ५१०० म्हणजे सत्यनारायणाची दक्षिणा ठरवल्यासारखी. बाळूभाऊ, सरकारी कामाची शेवटची तारीख रविवारी कधी बघितलीत?

पिस्टन_पिंपरीकर | रात्री ११:२०

पैसे भरू नका, आणि काकांनाही आजच सांगा, उद्यावर टाकू नका.

आता खरं काय आहे ते सांगतो, मी गाड्यांच्या इंजिन टेस्टिंगमध्येच असतो त्यामुळे हा विषय रोज कानावर असतो. केंद्राचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन आहे, ४ जानेवारी २०२३ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलं, एकूण तरतूद १९,७४४ कोटी. आकडा ऐकून वाटतं की बापरे, पण त्यातले १७,४९० कोटी हायड्रोजन बनवणाऱ्यांना आणि इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचं यंत्र) बनवणाऱ्यांना आहेत, म्हणजे कारखान्याच्या दारात. वाहतुकीसाठी जी प्रायोगिक योजना आहे तिच्या मार्गदर्शक सूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्या आणि तिला ठेवलेत ४९६ कोटी. त्यातून मार्च २०२५ मध्ये पाच प्रकल्प मंजूर झाले, सगळे मिळून ३७ गाड्या, बस आणि ट्रक धरून, आणि ९ पंप, सरकारी मदत साधारण २०८ कोटी. देशभर मिळून ३७. ही मदत जाते टाटा मोटर्स, अशोक लेलँड, रिलायन्स, एनटीपीसी, इंडियन ऑइल, एचपी, बीपीसीएल अशांना, ते गाडी बनवणार, चालवणार, पंप उभारणार आणि डेटा सरकारला देणार. तुम्ही शोरूममध्ये जाऊन 'एक हायड्रोजन घोडा द्या, सबसिडी कापून' असं म्हणायची सोयच नाही सध्या.

पण तुमच्या कामाची गोष्ट अशी की या गाड्या दहा मार्गांवर चालवायच्या आहेत आणि त्यात पुणे-मुंबई आहे. म्हणजे तुमच्याच घाटात या गाड्या चालवून बघायच्या आहेत. टाटाने ४ मार्च २०२५ ला दिल्लीत झेंडा दाखवला, १६ गाड्या, २४ महिने चाचणी, त्यात प्राइमा एच.५५एस नावाचा घोडा आहे तो दोन्ही प्रकारात, फ्युएल सेलवाला पण आणि हायड्रोजन इंजिनवाला पण. रेंज ३०० ते ५०० किमी सांगतात.

कळंबोलीचा_बाळू | रात्री ११:३४

दोन प्रकार म्हणजे? हायड्रोजन तो हायड्रोजन ना?

पिस्टन_पिंपरीकर | रात्री ११:५८

नाही हो, इथेच सगळी गंमत आहे.

फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आणून वीज तयार करायची आणि मोटार फिरवायची, इंजिन नाहीच, सायलेन्सरमधून पाणी. ती इलेक्ट्रिक गाडीच, फक्त वीजघर पाठीवर घेऊन फिरणारी. दुसरा प्रकार म्हणजे आपलं नेहमीचं इंजिन, पिस्टन, क्रँक, सगळं ओळखीचं, फक्त डिझेलऐवजी हायड्रोजन जाळायचा, स्पार्क प्लग लावून. धूर नाही पण नायट्रोजन ऑक्साइड थोडा निघतो. अॅव्हरेज फ्युएल सेलपेक्षा कमी. पण किमतीला बरंच स्वस्त आणि हायड्रोजन अगदी चोख लागत नाही, फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध लागतो नाहीतर सेल खराब होतो. शिवाय तुमच्या कळंबोलीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं तर त्याला आत काय आहे ते कळेल तरी.

त्या ३७ गाड्यांत १५ फ्युएल सेल आणि २२ इंजिनवाल्या आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कोणीतरी टॅक्सवाला येईलच, त्याने यावर बोलावं.

ताळेबंद | सकाळी ७:१५

आलो. टॅक्सवाला हजर :)

ट्रान्सपोर्टवाल्यांची खाती बघतो त्यामुळे बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, डिझेल ट्रक २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आणि फ्युएल सेल वाहनं १२ वरून ५ वर. आता तुम्ही म्हणाल जीएसटी तर परत मिळतो, आयटीसी (भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं. पण आपले बहुतेक छोटे ट्रान्सपोर्टवाले ५ टक्क्याच्या गटात असतात, त्यांचा जीएसटी पार्टी आरसीएममध्ये, म्हणजे त्यांच्याऐवजी स्वतः, भरते, आणि त्या गटात आयटीसी मिळत नाही. म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी हा सरळ तुमचा खर्च. ४५ लाखाच्या घोड्यावर १८ आणि ५ मध्ये जवळजवळ सहा लाखाचा फरक पडतो. तेव्हा ही सवलत छोटी नाही.

पण दराची नोंद वाचलीत तर तिथे फ्युएल सेल असं लिहिलंय. हायड्रोजन इंजिनवाली गाडी त्यात बसत नाही, ती इतर मालवाहू गाड्यांच्या रांगेत १८ ला. म्हणजे पिस्टनरावांच्या २२ गाड्यांचा प्रकार, जो त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या लोकांना झेपेल, त्यालाच सवलत नाही.

राज्याचं पण तसंच. महाराष्ट्राचं हरित हायड्रोजन धोरण जुलै २०२३ मध्ये आलं, ८,५६२ कोटींची तरतूद. पहिल्या २० हायड्रोजन पंपांना भांडवली खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त साडेचार कोटी. गाड्यांना पण ३० टक्के, जास्तीत जास्त ६० लाख. साठ लाख म्हणजे ऐकून उडालो होतो मी. मग नीट वाचलं तर 'इंधन सेल प्रवासी वाहनं'. प्रवासी. बस. ट्रकचं नाव नाही.

लवंगी_मिरची | सकाळी ७:४०

म्हणजे बाळूभाऊंनी कंटेनरमध्ये माणसं बसवली तर साठ लाख पक्के.

कळंबोलीचा_बाळू | सकाळी ९:०५

तळोजाजवळच्या ट्रॅफिकमध्ये बसतात तशीही :D

ताळेबंद साहेब धन्यवाद, हे कुणी एवढं फोडून सांगत नाही. मग आता मी माझा हिशोब मांडतो, चुकला तर सांगा. माझा लोड ट्रेलर लिटरला पावणेतीन ते तीन देतो, घाट धरून. डिझेल नव्वदच्या आसपास धरू. म्हणजे किलोमीटरला तीस ते तेहतीस रुपये नुसतं डिझेल, युरिया (धूर साफ करायला टाकतात तो) वेगळा. हायड्रोजनवर हेच किती पडेल?

पिस्टन_पिंपरीकर | सकाळी ९:५०

परदेशात ह्युंदाईचा जो फ्युएल सेल ट्रक चालतो त्यात साधारण ३१ किलो हायड्रोजन मावतो आणि रेंज ४०० किमी सांगतात, म्हणजे किलोला तेरा. आपल्याकडचा लोड, घाट, उन्हाळा, ट्रॅफिक बघता मी दहा धरीन. इंजिनवाल्याला सात-आठ.

भाव: पानिपत रिफायनरीला इंडियन ऑइलने हरित हायड्रोजनचं टेंडर काढलं त्यात ३९७ रुपये किलो असा दर आला, आणि हा दर तेव्हा देशातल्या स्वस्तातल्यांपैकी. पण तो कारखान्याच्या आतल्या पाइपचा. ट्रकमध्ये भरायला तो ३५० बारला दाबावा लागतो, सीएनजी २०० बारला असतो म्हणजे अंदाज येईल. शिवाय पंपापर्यंत आणायचा तर ट्यूब ट्रेलर. लोखंडी नळकांड्यांचा एक अख्खा ट्रेलर, तुमच्यासारखाच घोडा पुढे, आणि त्यात गॅस किती तर तीनशे-साडेतीनशे किलो. डिझेलचा टँकर वीस हजार लिटर घेऊन येतो, आणि हा एवढं धूड रस्त्याने फिरवून दहा-बारा ट्रकांचं पोट भरतो. तो खर्च, कॉम्प्रेसरची वीज, पंपवाल्याचं कमिशन, सगळं धरून पंपावर सहाशे धरा, माझा आपला अंदाज हा, कोणी कमी सांगत असेल तर आनंद आहे. म्हणजे किलोमीटरला साठ. तुमच्या दुप्पट.

उलटा हिशोब करा. तुमच्या तीस रुपयांना बरोबरी करायची तर पंपावर हायड्रोजन तीनशे रुपयांना मिळायला हवा, इंजिनवाल्यासाठी सव्वादोनशेला. आणि केंद्र उत्पादकाला किलोमागे जे देतंय ते पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५०, मग ४०, मग ३०. हा मासा केवढा आणि कढई केवढी.

ई_वाला_संत्या | सकाळी १०:१०

मी मुद्दाम गप्प होतो पण आता राहवत नाही. अरे तीच वीज सरळ बॅटरीत घाला की. एक किलो हायड्रोजन बनवायला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते, तो किलो ट्रकला दहा किमी नेतो, म्हणजे किमीला पाच युनिट. बॅटरीचा मोठा ट्रक किमीला दीड-पावणेदोन युनिटमध्ये जातो. तिप्पट वीज कशाला जाळायची?

आणि सबसिडी पण खरी इथे आहे. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या ई-गाड्यांच्या योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी ठेवलेत, जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं, ५५ टनी घोड्याला जास्तीत जास्त ९.६ लाख. जुन्या डिझेल गाडीचं स्क्रॅपचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. बाळूभाऊ तुमचा २०११ वाला घोडा त्यासाठीच देवाने ठेवलाय. न्हावा शेव्याला बॅटरी बदलायचे ट्रक पण आलेत २०२५ मध्ये, बॅटरी काढायची दुसरी लावायची.

पिस्टन_पिंपरीकर | सकाळी १०:२५

संत्या, विजेचं गणित तुझं बरोबर आहे, वाद नाही. फक्त नऊ लाख साठ हजार कशावर ते सांग ना. कोटीच्या वरच्या गाडीवर. आणि बॅटरीचं वजन दोन-तीन टन, तेवढा माल कमी. वजनावर भाडं असेल तर ते रोज दुखतं.

ई_वाला_संत्या | सकाळी १०:३१

कंटेनरवाल्याचं भाडं ट्रिपवर असतं, वजनावर नसतं. आणि घाट उतरताना बॅटरी परत चार्ज होते. हायड्रोजन इंजिनवाला उतरताना काय करतो, नुसता ब्रेक तापवतो.

पिस्टन_पिंपरीकर | सकाळी १०:३८

फ्युएल सेलवाल्यात पण बॅटरी असतेच, तो पण परत घेतो. इंजिनवाल्याबद्दल मान्य.

झुरिकची_सूनबाई | दुपारी १:३०

मी नागपूरची, लग्नानंतर इकडे स्वित्झर्लंडला. ट्रकमधलं मला काही कळत नाही पण नवरा लॉजिस्टिक्समध्ये आहे आणि घरी जेवताना दुसरा विषय नसतो म्हणून लिहितेय. इथे ह्युंदाईचे हायड्रोजन ट्रक २०२० पासून चालतात, सुपरमार्केटच्या मालाचे. पहिल्या टप्प्यात ४७ आले. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सकाळी येतो तो एक, आवाज जवळपास नाहीच, फक्त मागे रिव्हर्सची पिपाणी. थंडीत खाली बर्फावर पाण्याचा एक ओघळ दिसतो, मुलगा आधी म्हणायचा ट्रकने शू केली.

तर मुद्दा. इथे सरकारने ट्रक विकत घ्यायला असं खास काही दिलं नाही. इथे अवजड गाड्यांना किलोमीटरवर आणि वजनावर कर असतो, ४० टनी डिझेल ट्रकला किलोमीटरला नव्वद रॅपेनच्या (म्हणजे ०.९ फ्रँकच्या) आसपास पडतो. हायड्रोजन आणि बॅटरीच्या ट्रकला तो शून्य. वर्षाला ८० हजार किमी चालला तर सत्तर हजारांहून जास्त फ्रँक वाचतात, दरवर्षी. आणि ट्रक कोणी विकत घेतलाच नाही. कंपनीने भाड्याने दिला, किलोमीटरप्रमाणे पैसे, त्यात इंधन, दुरुस्ती, विमा सगळं आलं. ट्रान्सपोर्टवाल्याने फक्त ड्रायव्हर बसवायचा. नवरा म्हणतो की छोट्या माणसाला नव्या मशीनचा धोका घ्यायला लावला नाही, हीच खरी मदत.

अर्थात युक्रेन युद्धानंतर वीज महागली तेव्हा हायड्रोजन पण महागला आणि उत्साह बराच उतरला. आणि २०२९ पासून ती करमाफी पण काढायचं चाललंय.

शेजारी जर्मनीत उलटं केलं होतं. तिथे डिझेल ट्रक आणि हायड्रोजन ट्रकच्या किमतीतल्या फरकाचे ८० टक्के सरकार द्यायचं. २०२३ च्या नोव्हेंबरात कोर्टाने त्या निधीचा हिशोब रद्द केला आणि योजना बंद. ज्यांनी पुढची खरेदी त्या भरवशावर ठरवली होती ते बसले. टोलमाफी मात्र टिकली, किमीला साधारण ३५ सेंट लागतात तिथे मोठ्या ट्रकला, तो माफ, आता २०३१ च्या मध्यापर्यंत वाढवलाय.

कळंबोलीचा_बाळू | दुपारी २:१०

वहिनी, हे भारी सांगितलंत. टोलचं आमच्याकडे पण दुखणं मोठं आहे. एक्स्प्रेसवेवर ई-गाड्यांना टोलमाफी झाली ऐकून मी उड्याच मारल्या होत्या, मग कळलं की कार आणि बसला. परत आम्ही बाहेर. मालवाल्याचं नाव घेतलं की सगळ्यांचा हात आखडतो का कळत नाही, भाजी काय उडत येते का मार्केटला.

फ्रीमाँटकर | दुपारी ४:०२

इकडे कॅलिफोर्नियात सकाळ व्हायचीय पण झोप उडाली हे वाचून :)

आमच्याकडे पैसा भरपूर ओतला. राज्याची व्हाउचर योजना होती, मोठ्या फ्युएल सेल ट्रकला २,४०,००० डॉलर, बॅटरीवाल्याच्या दुप्पट. वर केंद्राची ४०,००० डॉलरपर्यंत करसवलत, ती ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. एवढं असून निकोला नावाची जी कंपनी हायड्रोजन ट्रक विकत होती ती फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्यांनी ट्रक घेतले त्यांच्याकडे गाडी आहे, पण सॉफ्टवेअर कोण बघणार, पार्ट कोण देणार, इंधन कोण भरणार. सव्वाशेच्या आत ट्रक मग दुसऱ्या कोणीतरी लिलावात घेतले. पंपावर कारसाठी हायड्रोजन ३६ डॉलर किलोपर्यंत गेलेला मी स्वतः बघितलाय, पाटीचा फोटो काढून भावाला पाठवला होता, त्याला वाटलं मी चिन्ह चुकीचं वाचतोय.

मला वाटतं चूक ही झाली की गाडी घेताना एकदाच भरमसाट दिलं आणि रोजच्या इंधनाकडे कोणी बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र बाळूभाऊंच्या बंदरासाठी लागू पडेल. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन्ही बंदरं एप्रिल २०२२ पासून भरलेल्या कंटेनरवर, वीस फुटी मापाला १० डॉलर घेतात, स्वच्छ ट्रकांच्या निधीसाठी. शून्य धुराच्या ट्रकाने नेला तर माफ. आणि हे पैसे ट्रकवाल्याकडून नाही, मालवाल्याकडून. म्हणजे ज्याचा कंटेनर त्यालाच वाटायला लागतं की स्वच्छ गाडी बोलवावी.

कळंबोलीचा_बाळू | दुपारी ४:३०

हे!! हे हवं. आत्ता काय होतं, मी उद्या दीड कोटीची गाडी आणली तरी पार्टी म्हणणार भाडं तेच, शेजारचा जुन्या गाडीवाला तर पाचशे कमी घेतोय. पार्टीचा स्वतःचा पैसा वाचायला लागला तर तीच फोन करून विचारेल की बाळू, ती हिरवी गाडी आहे का रे.

हप्तेवाली | संध्याकाळी ६:१५

गाड्यांच्या कर्जात चौदा वर्षं झाली, मी फक्त एवढंच सांगते की फाइल कशी बघतात. ट्रकच्या कर्जात आम्ही मालकाचा चेहरा दुसरा बघतो, आधी बघतो की तीन वर्षांनी हप्ता थांबला तर गाडी ओढून आणून किती येतील. डिझेल घोड्याचं मला तोंडपाठ आहे, मॉडेल सांगा, साल सांगा, टायर सांगा, भाव सांगते. हायड्रोजन घोड्याचा जुना बाजारच नाही. मग कर्ज निम्म्यावर, व्याज दोन-तीन टक्के चढं, मुदत कमी. सबसिडी दहा लाख मिळाली आणि व्याजात पंधरा गेले तर काय उपयोग. सरकारने मला नुसतं लिहून दिलं ना की गाडी बुडाली तर ठरावीक रकमेपर्यंत आम्ही भरू, तर मी उद्या बाळूभाऊंची फाइल करते. रोख एक रुपया न देता.

आमच्या एका गिऱ्हाइकाचं सांगते, नाव नको. सबसिडी येणार म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक तीनचाक्यांचा ताफा घेतला, सबसिडी आली सव्वा वर्षाने. तोवर सहा गाड्या आमच्या यार्डात.

पिस्टन_पिंपरीकर | संध्याकाळी ६:४०

हप्तेवाली ताई +१००. या धाग्यावर सगळ्यात कामाची पोस्ट.

मोरगावचा_मास्तर | संध्याकाळी ७:२०

अडाणी प्रश्न. ३५० बारची टाकी पाठीवर घेऊन बोरघाटात अपघात झाला तर? सध्या गॅसचा टँकर उलटला तरी बारा तास रस्ता बंद.

पिस्टन_पिंपरीकर | संध्याकाळी ७:५५

मास्तर अडाणी कसला, पहिला विचारायला हवा होता. टाक्या कार्बन फायबरच्या असतात, त्यांच्यावर गोळी झाडून, आगीत ठेवून, आपटून चाचण्या करतात. तापमान वाढलं की झडप उघडून गॅस सोडून देते. हवेपेक्षा चौदा पट हलका, त्यामुळे सरळ वर जातो, एलपीजीसारखा खड्ड्यात साचून बसत नाही. उघड्या घाटात हे फायद्याचं. बोगद्यात आणि बंद गॅरेजमध्ये मात्र छताला साचेल, तिथे सेन्सर आणि वारा खेळता हवा. आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे अग्निशमनवाल्यांना वेगळं शिकवावं लागणार.

भरताना पण गंमत असते. एकदा एका टेस्ट पंपावर उभा होतो. नोझल लावला की ते गाडीशी इन्फ्रारेडने बोलतं, टाकी किती तापली, किती दाब आहे. भरताना गॅस तापतो म्हणून आधी थंड करून सोडतात, त्यामुळे जुलैच्या दमट हवेत नोझलवर बर्फ धरला होता आणि ऑपरेटर त्यावर गरम पाण्याचा हात फिरवत बसला होता, कारण ते गोठून चिकटलं होतं. पंधरा मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. जाहिरातीत हे दाखवत नाहीत. या सगळ्याला परवानगी देणारी जी केंद्राची स्फोटक सुरक्षा संस्था, पेसो, तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे, झुरिकच्या वहिनींच्या माहेरी.

ई_वाला_संत्या | रात्री ८:१०

चीनचं कोणी बोललंच नाही. तिथे केंद्र सरकारने गाडीला पैसे दिले नाहीत, शहरांच्या गटाला दिले. पाच गट, आणि ठरलेलं काम करून दाखवलं की मग बक्षीस. आणि शांडोंग प्रांताने मार्च २०२४ पासून हायड्रोजन गाड्यांना हायवे टोल माफ केला. मी बॅटरीवाला असूनही म्हणतो, द्यायचंच असेल तर असं द्या, चाललेल्या किलोमीटरवर. उभ्या गाडीवर फुलं वाहून काय होणार.

ताळेबंद | रात्री ८:४५

संत्याशी मी पहिल्यांदाच सहमत, तारीख लिहून ठेवतो. किलोमीटरवर द्यायला आपल्याकडे फास्टॅग आहेच, नोंद आपोआप होते, नवीन खातं काढायला नको. फक्त जीएसटीच्या त्या नोंदीत आणि राज्याच्या धोरणात 'फ्युएल सेल', 'प्रवासी' असे शब्द आहेत ते बदलून 'हायड्रोजनवर चालणारी मालवाहू' हे घाला. एका ओळीचं काम. आमच्या असोसिएशनतर्फे निवेदन करून पाठवूया का? मी मसुदा करतो, बाळूभाऊ ट्रान्सपोर्टवाल्यांच्या सह्या गोळा करा.

कळंबोलीचा_बाळू | रात्री ९:३०

सह्यांचं माझ्याकडे लागलं, टर्मिनलला रविवारी सगळे चहाला असतातच. फक्त मसुदा दोन पानांच्या आत ठेवा, तिसरं पान कोण वाचत नाही, नुसती सही करतात.

गाडीचं म्हणाल तर या वर्षी डिझेलचाच घेतो, बीएस-सहा, १८ टक्क्यात आलाय तेवढा फायदा घेतो. २०११ वाला स्क्रॅप करतो पण सर्टिफिकेट जपून ठेवतो, संत्या तू त्याचं काय करायचं ते मला फोनवर समजव. आणि माझी लाइन एका बाजूने सव्वाशे-दीडशे किलोमीटर, रोज त्याच रस्त्याने जायचं आणि त्याच जागी परत यायचं, त्यामुळे उद्या कळंबोलीत पंप झाला आणि वहिनी म्हणतात तशी कोणी किलोमीटरवर गाडी दिली, इंधन-दुरुस्ती त्याची, तर एक गाडी मी डोळे मिटून लावीन. विकत नाही घेणार.

लवंगी_मिरची | रात्री ९:४१

आणि काकांचं काय झालं? त्यांना सांगितलंत का?

कळंबोलीचा_बाळू | रात्री ९:५८

आत्ताच केला होता फोन. सगळं सांगितलं, पायलट प्रोजेक्ट, ३७ गाड्या, अशी स्कीमच नाही वगैरे. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, दोन गाड्यांचे भरलेत परवाच.

ताळेबंद | रात्री १०:००

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. आत्ता. बाकीचं नंतर.

कळंबोलीचा_बाळू | रात्री १०:२६

लावला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. काका विचारतायत की गाड्या नक्की येणार नाहीत ना.